उलट्या तबकडीचं नर्सिंग घड्याळ: चार वर्षं शिकताना, तीन वर्षं ड्यूटीवर

नर्सिंगला प्रवेश मिळाला की हातात सामानाची एक यादी पडते. स्टेथोस्कोप कोणता घ्यावा यावर सगळे तासन्‌तास बोलतात, बुटांवरही बोलतात. 'सेकंदकाटा असलेलं घड्याळ' या ओळीवर मात्र कुणी थांबत नाही. मीही थांबले नव्हते. आज सात वर्षांनी मागे वळून पाहते तर त्या यादीतली प्रत्येक पेशंटपाशी, प्रत्येक पाळीत वापरलेली वस्तू हीच निघते. म्हणून हा रिव्ह्यू. थोडा लांब होईल, कारण या घड्याळाबद्दल लिहायचं तर फी, कर्ज आणि नोकरीबद्दल लिहिल्याशिवाय मला जमणार नाही.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. हे मनगटावर बांधायचं घड्याळ नाही. गणवेशावर छातीपाशी अडकवायचं, खाली लोंबणारं. तबकडी उलटी बसवलेली असते, त्यामुळे मान खाली घातली की आपल्याला सरळ दिसते. मनगटावर का नको, तर पट्ट्याखाली घाम आणि जंतू साठतात आणि हात नीट धुता येत नाहीत. साबणाने हात धुवायचे तर पूर्ण ४० ते ६० सेकंद, मनगटासकट. पट्टा असेल तर तेवढी जागा दिवसभर तशीच राहते. दुसरं कारण रोजच्या कामाचं आहे: एक हात पेशंटच्या नाडीवर असतो, दुसऱ्या हातात पेन असतं. छातीवरच्या घड्याळाला तिसरा हात लागत नाही.

नाडी मोजायला खास घड्याळ हवं हा विचार जुना आहे. जॉन फ्लॉयर या इंग्लिश डॉक्टरांनी १७०७ साली नाडीच्या घड्याळावर पुस्तकच लिहिलं. त्यांनी नेमकं एक मिनिट चालून थांबणारं घड्याळ करून घेतलं होतं. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं तेव्हा मी परीक्षेपुरतं पाठ केलं. एक मिनिट म्हणजे किती मोठं असतं ते मला वॉर्डात कळलं.

माझं पहिलं घड्याळ काळ्या तबकडीचं आणि लाल सेकंदकाट्याचं होतं. दुकानाच्या उजेडात फार देखणं दिसायचं. आणि ते सर्वांत स्वस्त होतं, खरं कारण तेच. फी कर्जातून भरली होती, पण कर्ज फीपुरतं असतं. गणवेशाचे दोन जोड, बूट, लसी, तपासण्या, जाडजूड पुस्तकं, लांबच्या पोस्टिंगला, म्हणजे रुग्णालयातल्या शिकाऊ कामाला, जाण्यायेण्याचा खर्च, हे सगळं खिशातून जातं आणि प्रवेशाच्या वेळी त्याची बेरीज कुणी मांडून दाखवत नाही. माझी बेरीज दुसऱ्याच महिन्यात कोलमडली. तेव्हा घड्याळावर चार पैसे वाचवले याचा मला आनंदच झाला होता.

मग मेडिसिन वॉर्डातली पहिली रात्रपाळी आली. दिवे मंद केलेले. एका आजोबांचे श्वास मोजायचे होते. मंद उजेडात लाल रंग काळाच दिसतो, आणि काळ्या तबकडीवर तो काटा मला सापडेना. त्यांची झोप मोडेल म्हणून टॉर्च लावायलाही मन धजेना. दोन-तीन श्वास पाहिले, अंदाज बांधला आणि चार्टवर १८ लिहिलं. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात, त्यामुळे १८ हा कुणालाच न खटकणारा आकडा. इन्चार्ज सिस्टर राउंडला आल्या, आजोबांकडे पाहून थबकल्या, स्वतःचं घड्याळ हातात घेतलं आणि पूर्ण एक मिनिट तिथेच उभ्या राहिल्या. २६ भरले. डॉक्टरांना लगेच बोलावलं, ऑक्सिजन लावला, आजोबा सावरले. सिस्टर मला ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, पुस्तकातलं नॉर्मल लिहायला तू हवीस कशाला? ते तर छापलेलंच आहे." ते वाक्य मी विसरलेले नाही.

दुसऱ्याच आठवड्यात पांढऱ्या तबकडीचं घड्याळ घेतलं. सात वर्षं मी वापरते आहे तो हाच प्रकार, आणि रिव्ह्यू याचाच. आकडे काळे आणि ठळक, काठावर साठच्या साठ रेघा, सेकंदकाटा काळा आणि रेघांपर्यंत पोचणारा. काटा आखूड असेल तर तो कोणत्या रेघेवर आहे हे अंदाजानेच ठरवावं लागतं, आणि अंदाजच तर टाळायचा असतो. आतल्या बाजूला १३ ते २४ असे बारीक आकडेही आहेत. चार्टिंग चोवीस तासांच्या हिशेबाने करताना पहाटेच्या झोपाळलेल्या डोक्याला त्यांची मोठी मदत होते.

डिजिटल घेऊ का, असं मला ज्युनिअर मुली नेहमी विचारतात. माझं उत्तर नको असंच आहे. डिजिटलवर सुरुवातीचा आकडा लक्षात ठेवावा लागतो, पुढे नाडीही मोजायची असते, आणि दोन आकडे डोक्यात एकमेकांवर आदळतात. काटा असला की फक्त जागा लक्षात ठेवायची. तो चारवर होता, फिरून चारवर आला, मिनिट झालं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: अडकवायची सोय. पिन घेऊ नका, एका हाताने निघणारी क्लिप घ्या. सलाईनचे थेंब मोजताना हे कळतं. समजा १००० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं आहे आणि सलाईनच्या नळीच्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली. मिनिटाला साधारण ४२ थेंब पडायला हवेत. थेंब पडतात ते डोळ्यांच्या वर, ड्रिप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या वरच्या टोकाच्या पारदर्शक डबीत. घड्याळ असतं खाली, छातीवर. वर बघावं तर काटा दिसत नाही, खाली बघावं तर थेंब निसटतो. म्हणून घड्याळ काढून चेंबरच्या शेजारी धरायचं, म्हणजे थेंब आणि काटा एका नजरेत येतात. पंधरा सेकंदांत दहा-अकरा थेंब आले की ठीक, आणि मग पूर्ण मिनिट मोजून खात्री करायची. दुसऱ्या हातात थेंबांचा वेग कमीजास्त करणारं रेग्युलेटरचं चाक असतं, तेव्हा पिन उघडत बसायला हात उरत नाही.

नाडी अनियमित असेल तर आणखी एक काम निघतं. एक सिस्टर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठोके मोजते, दुसरी मनगटावर, एकाच वेळी, एक मिनिट. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हृदयाचे किती ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीत ते. दोघींनी एकच घड्याळ वापरायचं असतं, कारण सुरुवात आणि शेवट एकाच क्षणी व्हायला हवा. अशा वेळी माझं घड्याळ पेशंटच्या उशीवर, दोघींना दिसेल असं ठेवलेलं असायचं. त्या मिनिटात कुणीच बोलत नाही, पेशंटसुद्धा नाही. मला ती शांतता फार आवडते.

पैशाची गोष्ट इथेच पुरी करते, कारण तीही मी याच घड्याळावर मोजली. दुसऱ्या वर्षी शनिवार-रविवार रात्री मी वृद्धांच्या निवासात मदतनीस म्हणून काम धरलं. मिळणाऱ्या पैशातून कर्जावरचं महिन्याचं व्याज भरायचे. शिकत असताना हप्ते सुरू होत नाहीत म्हणून मुली निश्चिंत असतात, पण व्याज चढतच असतं, आणि ते मुद्दलात मिळवलं गेलं की पुढे व्याजावर व्याज लागतं. नुसतं व्याज भरत राहिलं तरी निदान मुद्दल वाढत नाही, होतं तेवढंच राहतं. नुकतंच कर्ज घेतलेल्या प्रत्येक मुलीला मी हे सांगते: कागद काढा आणि शिकतानाचं व्याज कसं धरलं आहे ते वाचा.

पण हे काम मी वाढवत नेलं. आठवड्याला दोन रात्रींच्या तीन केल्या. फार्माकॉलॉजीच्या, म्हणजे औषधशास्त्राच्या, तासाला डोळे मिटायला लागले आणि अंतर्गत परीक्षेत मी नापास झाले. तेव्हा आमच्या ट्यूटर मॅडमनी मला वही काढायला लावली. एका पानावर तिसऱ्या रात्रीची महिन्याची कमाई. दुसऱ्या पानावर विषय राहिला तर काय जाईल ते: पुन्हा परीक्षेची फी, वर्ष लांबलं तर वर्षाची फी, आणि उशिरा मिळणारा पहिला पगार. दुसरं पान कितीतरी जड निघालं. तिसरी रात्र मी त्याच आठवड्यात सोडली. त्या मॅडमचे उपकार मी मानते. अभ्यास कर म्हणून त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही, फक्त हिशेब करायला लावला.

घड्याळाचे दोष सांगायलाच हवेत. क्लिपची स्प्रिंग दीड-दोन वर्षांत सैल होते. माझं घड्याळ दोनदा बेसिनमध्ये पडलं, दुसऱ्यांदा काचेखाली वाफ धरली आणि ते गेलं. म्हणजे सात वर्षांत हा माझा या प्रकारातला दुसरा नग आहे. सिलिकॉनचं कव्हर असलेलं घ्या, अल्कोहोलने झटकन पुसता येतं, पण आठवड्यातून एकदा ते पूर्ण काढून आतून धुवा, कारण कडांत मळ आणि कपड्याचा धुरळा साचतो. लोहचुंबकाने चिकटणारा प्रकार मिळतो, तो मात्र घेऊ नका. पेसमेकर बसवलेल्या पेशंटवर वाकताना छातीवर लोहचुंबक नको. एमआरआयच्या खोलीत तर कोणतंच घड्याळ न्यायचं नाही.

सेल उतरायला लागला की हे घड्याळ लगेच बंद पडत नाही, मागे पडत जातं, आणि हा त्याचा सगळ्यात वाईट गुण. एकदा माझ्या नोंदी वॉर्डच्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा सहा मिनिटं मागे निघाल्या. इंजेक्शन दिल्याची वेळ डॉक्टरांच्या ऑर्डरच्याही आधीची झाली होती! सगळं नीट उलगडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. तेव्हापासून पाळी बदलताना हँडओव्हरला उभी राहिले की पहिल्यांदा भिंतीवरच्या घड्याळाशी माझं जुळवते, आणि सेल वर्षाला बदलते, चालत असला तरी.

शेवटच्या वर्षी माझ्यासमोर तीन वाटा होत्या. एका रुग्णालयाची अट होती की ते माझं उरलेलं कर्ज फेडतील आणि मी दोन वर्षं त्यांच्याकडे बांधील राहीन. वॉर्ड कोणता हे रुग्णालयच ठरवणार, आणि मध्येच सोडलं तर सगळी रक्कम एकदम परत करायची. माझ्या मैत्रिणीने तो करार केला. तिच्या घरची गरज मोठी होती, तिला मोठ्यांच्या आयसीयूमध्येच जायचं होतं, आणि तिचं छान चाललं आहे. दुसरी वाट सिस्टर पुरवणाऱ्या एजन्सीची: पगार जास्त, पण आज या वॉर्डात तर उद्या त्या, आणि नव्या सिस्टरला हाताशी धरून शिकवणारं कुणी नाही. तिसरी वाट नवजात शिशू विभागाची. तिथे पगार तिन्हींत कमी होता. सहा महिने सीनिअरच्या बरोबरीने काम करायला मिळणार होतं.

मी तिसरी घेतली. त्याचं बीज प्रसूतिकक्षातल्या पोस्टिंगमध्ये होतं. एक बाळ जन्मलं आणि रडलं नाही. पुसलं, पाठ चोळली, तरी नाही. अशा बाळाला पहिल्या साठ सेकंदांच्या आत श्वास द्यायला सुरुवात व्हावी लागते, त्याला गोल्डन मिनिट म्हणतात. माझ्याकडे एकच काम होतं, घड्याळ बघून मोठ्याने वेळ सांगायचं. "तीस." "चाळीस." पन्नासच्या आधी सिस्टरनी मास्क लावून श्वास द्यायला सुरुवात केली. बाळ आधी गुलाबी झालं, मग रडलं. पाच मिनिटांनी अपगार, म्हणजे बाळाच्या तब्येतीचे गुण, मोजला तेव्हा दहापैकी ९ आला. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ साली मांडलेली ही पद्धत, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला पाच गोष्टींना प्रत्येकी दोनपैकी गुण द्यायचे. तो ९ मी स्वतः लिहिला, आणि पाळी संपल्यावर कितीतरी वेळ चेंजिंग रूममध्ये नुसती बसून राहिले. काम करायचं तर इथेच, हे तेव्हाच मनात ठरलं होतं. मैत्रिणीसारखं माझं कर्ज रुग्णालय फेडणार नाही, ते मलाच फेडावं लागणार आहे. मी ते हिशेबात धरूनच सही केली.

तर कुणी घ्यावं? नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीने, आणि पहिल्याच दिवशी घ्यावं. सामानाच्या यादीत कुठे काटकसर करायची तर पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या सीनिअरकडून घेऊन करा, या एका वस्तूवर नको. दुकानात हातात घ्या, कोपऱ्यातल्या अंधारात नेऊन काटा दिसतो का बघा, आणि क्लिप एका हाताने दहा वेळा उघडून पाहा.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी पोस्टिंगला आली. तिच्याकडे घड्याळ नव्हतं, तर पंधरा सेकंद मोजून चारने गुणू का, असं तिने विचारलं. नवजात बाळ मध्येच पाच-दहा सेकंद श्वास घेत नाही, मग भराभर घेतं, त्यामुळे पंधरा सेकंदांवर विसंबता येत नाही. मी माझं घड्याळ काढून तिला दिसेल असं बाळाच्या पोटाशेजारी धरलं आणि आम्ही दोघींनी मनातल्या मनात पूर्ण मिनिट मोजलं. तिचे ४८ आले, माझे ४९. चार्टवर तिने तिचाच आकडा लिहिला आणि खाली मी सही केली.