बाटली सोडवायचीय: सिपर, स्ट्रॉ की घरातलं फुलपात्र?

बाटली सोडवणं ही खरं तर दोन वेगळी कामं आहेत आणि ती एकत्र केली की सगळा गोंधळ होतो. एक म्हणजे बाळाला दुसऱ्या भांड्यातून प्यायला शिकवायचं, आणि दुसरं म्हणजे बाटली तोंडात धरून झोपायची सवय मोडायची. पहिल्या कामासाठी कुठला कप घ्यायचा हा प्रश्न बरोबर आहे, दुसऱ्यासाठी मात्र कितीही महागाचा कप आणला तरी फरक पडत नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळं लिहितेय.

डॉक्टर साधारण सांगतात की सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू केलं की तेव्हाच कपाची ओळख करून द्या आणि 12 ते 18 महिन्यांच्या दरम्यान बाटली पूर्ण बंद करा. यामागे कारणं आहेत. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्रीच्या बाटलीचं दूध दातांवर तसंच राहतं आणि वरचे पुढचे दात आधी किडतात, आणि त्या दुधात साखर किंवा चॉकलेट पावडर असेल तर विचारूच नका. दुसरं कारण लोहाचं. बाटलीने दूध भसाभस जातं, पोट भरतं, मग पोळी-भाजी, वरण-भात कोण खाणार, आणि दुधात लोह अगदीच कमी असतं. वर्षानंतर दिवसाला साधारण 400-500 मिली दूध पुरतं. दिवसभर बाटलीवर असलेली मुलं याच्या कितीतरी वर जातात आणि मग रक्त तपासलं की हिमोग्लोबिन कमी निघतं.

आता कपांकडे येऊ. कडक चोचीचा सिपर बहुतेक घरांत पहिल्यांदा येतो कारण तो सांडत नाही. पण सांडत नाही कारण आत व्हॉल्व्ह असतो, आणि व्हॉल्व्हमधून दूध यायला बाळाला बाटलीसारखंच जोर लावून ओढावं लागतं, म्हणजे भांडं बदललं, प्यायची पद्धत तीच राहिली. शिवाय हातात धरून घरभर फिरत दिवसभर थोडं थोडं पीत राहायची सवय लागते ती वेगळीच, आणि त्यात दूध असेल तर दातांचं नुकसान बाटलीएवढंच. व्हॉल्व्ह काढून टाकता येत असेल तर थोडे दिवस चालवा, पण मुद्दाम पैसे घालून घेऊ नका असंच मी सांगेन.

स्ट्रॉ कप मला त्यापेक्षा खूप बरा वाटतो. ओठ बंद करून ओढायचं, जीभ मागे घ्यायची, असा तोंडाचा वेगळा व्यायाम त्यात होतो, आणि गाडीत, बागेत, पाळणाघरात सांडासांड नाही. शिकवायला सोपं आहे, साधी स्ट्रॉ पाण्यात बुडवा, वरच्या टोकावर बोट दाबून धरा, खालचं टोक बाळाच्या ओठांत द्या, त्याने ओठ मिटले की बोट सोडा, थेंब तोंडात जातात आणि थोड्या वेळाने ते स्वतःच ओढायला लागतं. स्ट्रॉ ओठांच्या थोडीशीच आत जाईल एवढी असू द्या, जिभेवर लांब गेली की ते परत चोखायला लागतं. त्रास एकच, धुणं. बारीक ब्रश नसेल तर नळीत दुधाचा थर बसतो आणि काळी बुरशी धरते, म्हणून स्ट्रॉमध्ये शक्यतो पाणीच, दूध नाही.

ते गोल काठाचे, कुठूनही ओठ लावून पिता येणारे 360 वाले कप दिसायला छान असतात, उलटे केले तरी सांडत नाहीत. काही मुलांना जमतात, पण काही मुलं काठ चावत बसतात आणि पाणी येत नाही म्हणून चिडतात. झाकणाखालची सिलिकॉनची चकती रोज काढून धुवायला लागते. असला घरात तर वापरा, नसला तर काही अडत नाही.

आणि आता माझं आवडतं, स्टीलचं छोटं फुलपात्र. तळाला दोन घोट पाणी, काठ खालच्या ओठाला टेकवायचा, किंचित तिरकं करायचं आणि थांबायचं, तोंडात ओतायचं नाही, बाळाला ओठ पुढे आणू द्यायचे. सुरुवातीला ताक किंवा पातळसर वरण दिलंत तर अजून सोपं जातं कारण ते पाण्यासारखं झपकन घशात येत नाही. काठ वळवलेलं, हातात मावेल असं घ्या, दूध कोमटच असू द्या कारण स्टील पटकन तापतं. सांडणार, अंगावर, सतरंजीवर, सगळीकडे सांडणार, त्याला इलाज नाही, जेवणाच्या वेळेला खाली जुना टॉवेल टाकायचा. पण एक घासणी फिरवली की स्वच्छ, उकळता येतं, आणि मूल शेवटी शिकणार आहे ते हेच. बऱ्याच आज्या बोंडलं काढून देतात, तान्ह्या बाळाला किंवा औषधाला ते उत्तम आहे, पण त्यात आपण ओततो आणि बाळ गिळतं, दीड वर्षाच्या मुलाला स्वतः प्यायला शिकवायला त्याचा उपयोग नाही.

तर माझं मत सरळ आहे, घरात दूध फुलपात्रातून आणि बाहेर पाणी स्ट्रॉमधून. पाळणाघर असेल तर तिथल्या ताईंशी आधी बोला, घरी कप आणि तिकडे बाटली असं झालं की सगळं लांबतं.

राहिली सवय. इथेही दोन रस्ते. हळूहळू वाला म्हणजे आधी दुपारची बाटली बंद, मग सकाळची, रात्रीची सगळ्यात शेवटी. वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलाला हे मानवतं. रात्रीचं दूध जेवणाबरोबरच कपातून द्यायचं, मग दात घासायचे, मग गोष्ट किंवा थोपटणं, म्हणजे झोप आणि दूध यांची गाठ सुटते. काही जण रात्रीच्या बाटलीत रोज थोडं पाणी वाढवत नेतात, वर्षानंतर ते चालतं (वर्षाच्या आतल्या बाळाच्या दुधात मात्र असं पाणी वाढवायचं नाही, अजिबात नाही). दुसरा रस्ता एकदम बंद करायचा, पावणेदोन-दोन वर्षांच्या मुलाला, ज्याला बोललेलं कळतं, त्याला दोन दिवस आधी सांगायचं आणि मग सगळ्या बाटल्या घरातूनच काढून टाकायच्या. काही रात्री रडारड होते, जवळ घ्या, पाणी द्या, पण बाटली नाही. हा रस्ता घरातल्या सगळ्यांचं एकमत असेल तरच धरा, कारण तिसऱ्या रात्री आजोबांना दया आली आणि एक बाटली निघाली तर मुलाला एवढंच कळतं की जास्त रडलं की मिळते. आजारपण, नवीन पाळणाघर, घर बदलणं चालू असेल तर दोन्ही रस्ते थोडे पुढे ढकला.

दूध एकदम कमी होईल याची बहुतेक आयांना धास्ती असते. होतंच कमी थोडे दिवस. दही, पनीर, नाचणीची खीर द्या आणि लघवी नेहमीसारखी होतेय ना एवढं बघा. पण कुठल्याही कपातून प्रत्येक घोटाला ठसका लागत असेल, दूध नाकातून येत असेल किंवा पिताना आवाज घरघरा येत असेल तर तो कपाचा दोष नाही, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांनी बघेपर्यंत घरी नवीन काही सुरू करू नका.