फोम की पिनहोल्डर? पुष्परचना स्पर्धेत उतरण्यापूर्वी

देठ कशात रोवायचे, हा प्रश्न घरातल्या फुलदाणीपुरता किरकोळ असतो; स्पर्धेत मात्र रचनेचा आकार, तिचा टिकाऊपणा आणि बऱ्याचदा निकालही त्यावर ठरतो. मी पहिली काही वर्षे फ्लोरल फोमवर, म्हणजे पाणी शोषून धरणाऱ्या आणि देठ खोचता येणाऱ्या ठोकळ्यावर काढली आणि नंतर पिनहोल्डरकडे, म्हणजे उभ्या खिळ्यांच्या जड बैठकीकडे वळलो. माझे मन कोणत्या बाजूला झुकले आहे, हे पुढे कळेलच. पण फोमची बाजू लंगडी नाही, आणि स्पर्धेच्या काही वर्गांत, म्हणजे विभागांत, आजही मी तोच वापरा असे सांगेन.

फोमचे खरे बळ कोनात आहे. ठोकळा पात्राच्या काठावर इंचभर उचलून बसवला की देठ बाजूने, आडवा, अगदी खालून वरच्या दिशेनेही खोचता येतो. त्यामुळे इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एस-आकाराचा खालचा अर्धा भाग, चंद्रकोरीचे टोक किंवा धबधब्यासारखी खाली झेपावणारी रचना फोमवर सहज साधते. पिनहोल्डरवर देठ वरूनच टोचावा लागतो. तो कलता करता येतो, पण काठाखाली उतरवायचा असेल तर मुळातच वाकलेली फांदी शोधावी लागते. फोम भिजवण्याची रीत अनुभवी स्पर्धकांना ठाऊक असते, तरी घाईच्या वेळी चूक होतेच: ठोकळा पाण्यावर सोडून आपोआप बुडू द्यायचा असतो, हाताने दाबला तर आतला गाभा कोरडा राहतो.

माझ्यापुरता निर्णय झाला तो मात्र एका जरबेऱ्यामुळे. रचनेच्या केंद्रस्थानी तीन फुले होती. त्यांतले मधले किंचित खाली बसल्यासारखे वाटले, म्हणून मी ते अर्धा इंच वर ओढले आणि समाधानाने घरी गेलो. संध्याकाळी मांडणी करायची आणि परीक्षण दुसऱ्या दिवशी सकाळी, अशी तिथली पद्धत होती; मधल्या वेळेत रचनेला हात लावायला मनाई होती. दालन उघडले तेव्हा बाजूची दोन फुले टवटवीत होती आणि मधल्याने मान टाकली होती. प्रदर्शन संपल्यावर मी तो ठोकळा सुरीने उभा कापून पाहिला. देठाच्या टोकाखाली बरोबर अर्ध्या इंचाची पोकळी होती. भोवतालचा फोम ओलाचिंब होता, पण देठाचे टोक त्याला टेकतच नव्हते.

फोममध्ये पडलेले भोक पुन्हा बुजत नाही, एवढाच याचा अर्थ. देठ वर ओढायचा नाही, ओढलाच तर दुसऱ्या जागी नव्याने खोचायचा, हा नियम मला तोंडपाठ होता; तरीही डोळा रचनेवर असताना हात आपसूक चुकला. शिवाय जिथे सर्वाधिक देठ एकवटतात त्या केंद्रभागीच फोम आधी भुसभुशीत होतो, म्हणजे जिथे बदल करावासा वाटतो तिथेच बदलाला जागा उरत नाही. त्यानंतर मी सुधारणा करायलाच कचरू लागलो, आणि त्याचे मला फार वाईट वाटले. रचना हात फिरवता फिरवता सापडते. पहिल्या खोचणीलाच तिच्यावर शिक्कामोर्तब करणे मला आजही जमत नाही.

पिनहोल्डरवर तेच फूल दहा वेळा काढा, कापा, पुन्हा लावा. खिळे पाण्यातच उभे असतात, त्यामुळे देठ कुठेही बसवला तरी त्याचे टोक पाण्यात राहते. पाण्याची पातळी तेवढी दररोज पाहावी लागते.

त्याच्याही कटकटी आहेत. बारीक देठ खिळ्यांत उभे राहत नाहीत. मी ते जाड देठाच्या बोटभर तुकड्यात खोचून तो तुकडा खिळ्यांवर बसवतो, किंवा चार-पाच देठ दोऱ्याने एकत्र बांधतो. मऊ देठ सरळ कापावा, लाकडी फांदी तिरकी कापून आधी उभी टोचावी आणि मग हव्या बाजूला कलवावी. जड फांदीने पिनहोल्डर उलटू लागला, तर दुसरा पिनहोल्डर पालथा करून त्याच्या उचलल्या जाणाऱ्या कडेवर ठेवावा. खिळे खिळ्यांत अडकतात आणि तोल सावरतो. चिकणमातीने तो पात्राला चिकटवायचा असेल, तर पात्र, माती आणि पिनहोल्डर ही तिन्ही कोरडी असावी लागतात. हे सारे झाकायला पाने किंवा गोटे लागतात, पण झाकण्याचे काम फोमलाही चुकलेले नाही.

नियमपत्रक आधी नीट वाचावे, हेही आता महत्त्वाचे झाले आहे. फोम फिनॉलिक प्लास्टिकचा असतो आणि त्याचा चुरा पाण्याबरोबर वाहून जातो. ब्रिटनमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला मज्जाव केला आहे. तशी अट असेल तिथे मोठ्या किंवा खाली झेपावणाऱ्या रचनेसाठी चुरगळलेली तारेची जाळी आणि देठ खोचायच्या, पाणी भरलेल्या छोट्या नळ्या वापरता येतात. त्यांना सराव लागतो, इतकेच.

तुमचा वर्ग गच्च भरलेल्या, चहूबाजूंनी पसरणाऱ्या रचनेचा असेल आणि आराखडा आधीच पक्का असेल, तर फोम निःशंकपणे घ्यावा. मोजकी फुले, एखादी बोलकी फांदी आणि मोकळी जागा यांवर तुमची रचना उभी असेल, तर पिनहोल्डर अधिक साथ देईल असे मला वाटते. पहिला घेताना हाताला जड लागणारा आणि दाट खिळ्यांचा निवडावा. हलका पिनहोल्डर पहिल्याच कलत्या फांदीला उलटतो.