फिटचा ‘नेमका पॉइंट’ वीस मिनिटांत सापडत नाही : सांगलीत आलेला अनुभव

घरात फिटचा पेशंट असेल आणि मेंदूत फिट जिथून उठते तो ‘नेमका पॉइंट ब्रेन मॅपिंग करून काढून देतो’ असं कुणी म्हणत असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. सांगलीतल्या एका सेंटरने माझ्या बहिणीकडून ३८,००० रुपये घेतले. पैसे गेले ते गेले, पण त्यांनी भाच्याच्या चालू गोळ्या बंद करायला लावल्या, त्याची चीड अजून जात नाही.

भाचा तासगावला कॉलेजात शिकतो. त्याची फिट हातपाय झाडणारी नाही. पोटातून काहीतरी वर चढतंय असं वाटतं, मग तो एकटक बघत राहतो, ओठ चाटतो, शर्टाची बटणं चाचपत बसतो. दोन औषधं पूर्ण डोसमध्ये घेऊनही हे थांबेना, तेव्हा मिरजेच्या न्यूरोलॉजिस्टनी अ‍ॅडमिट होऊन व्हिडिओ ईईजी (कॅमेऱ्याखाली ठेवून मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) करायला सांगितलं. तारीख लांबची मिळाली. तेवढ्यात दाजींना कुणीतरी या सेंटरचा पत्ता दिला.

तिथे डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवल्या, वीस मिनिटं रेकॉर्डिंग केलं आणि रंगीत कागद हातात ठेवला. वरून काढलेलं डोक्याचं चित्र, कपाळाच्या बाजूला लालभडक डाग. “हाच पॉइंट. इथं मशीन लावलं की गोळ्या कायमच्या सुटणार.” इतकी वर्षं न दिसणारा आजार ताईला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला. तिने विश्वास ठेवला यात तिचा काहीच दोष नाही. मग मशीनची सिटिंग, सोबत कसल्याशा पुड्या. काही दिवसांनी दुसरा कागद आला, त्यात डाग फिका. घरात पेढे वाटले.

पुड्या जवळजवळ संपल्या आणि एका रात्री फिटवर फिट सुरू झाल्या, मधे शुद्धच येईना. मिरजेत आयसीयूत ठेवावं लागलं. फिटच्या गोळ्या अचानक तोडल्या की असं होऊ शकतं, त्यात जीवही जातो.

नंतर डॉक्टरांनी रंगीत चित्र बाजूला ठेवलं आणि त्याच्या मागे टाचलेली मूळ आलेखाची पानं पाहिली. कपाळावरच्या दोन्ही बाजूंच्या वायरींत एकाच वेळी मोठमोठ्या लाटा होत्या. त्या पापण्या मिटल्याच्या! डोळ्याच्या बुबुळाची बाजू धन आणि मागची बाजू ऋण भारित असते. पापणी मिटताना डोळा किंचित वर फिरतो आणि कपाळावरची वायर ते टिपते. ही लाट मेंदूच्या नेहमीच्या लहरींपेक्षा खूप मोठी असते. कॉम्प्युटरने तिलाच लाल रंग दिला. दुसऱ्या वेळी पोरगं पुडीच्या गुंगीत डोळे मिटून पडलं होतं. पापण्या हलल्या नाहीत, म्हणून लाल उतरला. याला त्यांनी ‘सुधारणा’ म्हटलं.

कवटीच्या बाहेरून किती कळतं, हेही तेव्हा समजलं. मेंदूच्या पृष्ठभागाचा साधारण १० चौरस सेंटीमीटर भाग एकदम पेटला तरच बाहेरच्या आलेखात टोक, म्हणजे फिटच्या आजाराची अणकुचीदार लाट, उमटतं. खोलवरचं बहुतेक दिसतच नाही. एपिलेप्सी, म्हणजे फिटचा आजार, असलेल्या जवळपास निम्म्या लोकांचा पहिला साधा ईईजी नॉर्मल येतो. शिवाय दोन फिटच्या मधे दिसणारी टोकं एका जागी आणि फिटची सुरुवात दुसरीकडे, असंही असतं. म्हणून प्रत्यक्ष फिट येतानाचा आलेख लागतो. त्यासाठी काही दिवस कॅमेऱ्याखाली ठेवतात. गोळ्या तिथंही कमी करतात, पण हॉस्पिटलमध्ये, सलाईनची सुई टोचून, माणूस शेजारी बसवून. मग ते एमआरआयशी ताडून पाहतात. तरीही जुळलं नाही तर क्वचित मेंदूच्या आत इलेक्ट्रोड घालावे लागतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून एपिलेप्सीची ऑपरेशनं होतात, तीही एवढ्या सगळ्या तपासण्यांनंतरच.

भाच्याचा व्हिडिओ ईईजी शेवटी झाला. फिट डाव्या कानशिलाच्या आतून उठते, आणि एमआरआयमध्ये तिथलाच हिप्पोकॅम्पस (मेंदूचा आतला एक छोटा भाग) आक्रसलेला दिसला. कपाळाचा काही संबंध नव्हता.

सेंटरवाले आता म्हणतात, आम्ही उपचार केलेच नाहीत, ‘वेलनेस’ दिला. पावतीवर खरोखर तेवढंच छापलंय. पण त्यांच्या पत्रकावर ‘फिट कायमची बंद’ असं ठळक आहे, आणि १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरातींच्या केंद्रीय कायद्यात ज्या आजारांवर अशी जाहिरात करायला बंदी आहे त्यांत एपिलेप्सी येते. पत्रक आणि उरलेली एक पुडी आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे दिली आहे. अशा ‘आयुर्वेदिक’ पुड्यांत फिनोबार्बिटोन हे फिटचं, गुंगी आणणारं अ‍ॅलोपॅथीचं औषध मिसळलेलं याआधी सापडलेलं आहे. आमच्या पुडीत काय निघतं ते अहवालात कळेल.

तुमच्याकडेही असा रंगीत कागद असेल तर मूळ आलेख मागून घ्या आणि तो न्यूरोलॉजिस्टना दाखवा. त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी कमी करू नका. पुड्या, पावत्या, पत्रक फेकू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.