डेबियनमधील पॅकेजची देखभाल: एकट्याने की गटात?
नोकरी सांभाळून डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त संगणक प्रणालीच्या प्रकल्पात सक्रिय राहू इच्छिणाऱ्यांनी पॅकेज (प्रणालीत बसवता येईल अशा रूपात बांधलेला प्रोग्राम) एकट्याच्या नावावर घ्यावे की पायथन किंवा पर्ल या प्रोग्रामिंग भाषांची पॅकेजे पाहणाऱ्या गटांसारख्या गटात राहून सांभाळावे, हे आपला वेळ पाहूनच ठरवावे. एकट्याने घेतल्यास बांधणीचे निर्णय झटपट होतात. मात्र आजारपणात किंवा कामाच्या धबडग्यात गंभीर दोष तसाच राहिला, तर पॅकेज 'टेस्टिंग' या चाचणीच्या शाखेतून काढले जाऊन पुढील स्थिर आवृत्तीलाही मुकू शकते, आणि माझ्या मते हाच मुद्दा सर्वांत वजनदार आहे. गटात साल्सा या डेबियनच्या गिट सर्व्हरवरील सामाईक भांडारामुळे दुसरा सदस्य काम पुढे नेऊ शकतो, नवख्याला प्रायोजक (त्याचे काम तपासून अपलोड करणारा अधिकृत सदस्य) मिळणेही सोपे जाते. गटाची कार्यपद्धती तेवढी पाळावी लागते. स्वतः रोज वापरत असलेल्या छोट्या प्रोग्रामसाठी एकट्याची देखभाल पुरते. वेळ अनियमित असेल किंवा पॅकेजवर इतर अनेक पॅकेजे अवलंबून असतील, तर गटच निवडावा.