आत राहून झगडावे की बाहेर पडावे?

गेल्या वर्षभरात तीन-चार तरुण कार्यकर्त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. पक्षातल्या प्रस्थापितांना पुरोगामी विचार नकोसा झाला असेल, तर आत राहून झगडत राहावे की सदस्यत्वाचे नूतनीकरण न करता बाहेरून काम करावे? मी सतरा वर्षे एका पक्षात काढली आणि आता साधारण दीड वर्षापासून बाहेर आहे, तेव्हा दोन्ही बाजूंबद्दल थोडेफार बोलण्याचा अधिकार मला असावा. पक्षाचे नाव सांगत नाही, कारण कोल्हापुरात ज्यांना ज्यांना मी हा अनुभव सांगितला, त्या प्रत्येकाला ते आपल्याच पक्षाचे वर्णन वाटले.

आधी आत राहण्याची बाजू, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली होती आणि आमच्या भागातली काही कुटुंबे वरच्या मजल्यावर अडकली होती. त्या रात्री एकही वैचारिक शिबिर उपयोगी पडले नाही; उपयोगी पडली ती तालुकाध्यक्षांची फोनवही. दोन फोनमध्ये बोट आली, तिसऱ्या फोनमध्ये दुधाचा टेम्पो आला. ज्यांच्याशी मी वर्षभर भांडत होतो, तीच माणसे गुडघाभर पाण्यात माझ्या शेजारी उभी होती. बाहेर पडणारा माणूस ही फोनवही मागे ठेवून जातो आणि तशी दुसरी उभी करायला फार वर्षे लागतात. चावडीवर, पोलीस ठाण्यात, जिल्हा परिषदेत आपला शब्द कोणाच्या जोरावर चालत होता, हेही बाहेर पडल्यावरच कळते.

इतिहास दोन्ही बाजूंना सारखीच साक्ष देतो. समाजवाद्यांनी १९३४ मध्ये काँग्रेसच्या आतच आपला पक्ष स्थापन केला, चौदा वर्षे आत राहून रेटा दिला आणि १९४८ मध्ये ते बाहेर पडले. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनीही त्याच सुमारास काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्ष उभा केला. पुढे १९५४ मध्ये जेधे स्वगृही परतले. मात्र शेतकरी कामगार पक्षातच हयात घालवलेल्या एन. डी. पाटलांना वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावरही टोलविरोधी आंदोलनाच्या अग्रभागी उभे राहिलेले या शहराने पाहिले आहे. ते आंदोलन एका पक्षाचे नव्हते, सर्वपक्षीय कृती समितीचे होते, आणि शहरातल्या रस्त्यांवरचा टोल शेवटी रद्द झाला. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी वर्षानुवर्षे लावून धरलेली खंडपीठाची मागणीही अशाच रेट्यातून पुढे सरकली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये येथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. अर्थात कृती समितीचीही एक खोड आहे: विषय संपला की समिती विरघळते, आणि विजयी सभेच्या व्यासपीठावर पहिल्या रांगेत बसायला पुन्हा तेच प्रस्थापित येतात.

परदेशातले दाखले देणारी मंडळी आत राहण्याचा सल्ला देतात, पण त्यात एक गोष्ट निसटते. अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षात २०१८ मध्ये अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी जो क्राउली या बड्या नेत्याला, मतदारच उमेदवार निवडतात त्या पक्षांतर्गत निवडणुकीत हरवले. प्रस्थापितांचा विरोध तेथेही कडवा असतो. अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे डावे नेते बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांनी सुपरडेलिगेट पद्धतीविरुद्ध, म्हणजे उमेदवार ठरवताना पक्षातल्या बड्या मंडळींना मिळणाऱ्या स्वतंत्र मताविरुद्ध, रान उठवले, तेव्हा कुठे त्याच वर्षी पहिल्या फेरीतला या सुपरडेलिगेटांचा मताधिकार काढून घेण्याचा नियम झाला. तरीही तेथे मतदारांना उघडता येणारे एक दार आहे. आपल्याकडे ते दार म्हणजे एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा कागद, आणि उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तो कोणाच्या खिशातून निघेल हे सामान्य सदस्याच्या हातात नसते. निवडून आल्यावरही १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत देणे म्हणजे पदावर पाणी सोडणे. त्यामुळे ‘आत राहून बदल’ हे शब्द तेथे आणि येथे सारखेच असले, तरी वजनात ते सारखे नाहीत, असे माझे नम्र मत आहे.

पण खरे सांगायचे तर माझा निर्णय यांपैकी कोणत्याही मोठ्या कारणाने झाला नाही. तो झाला कार्यक्रमपत्रिकेतल्या नवव्या विषयामुळे.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा, म्हणजे पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या रूढी, बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा, असे परिपत्रक काढले. आम्ही सात-आठ जणांनी मागणी केली ती एवढीच, की पक्षाच्या प्रत्येक गावशाखेने आपल्या ग्रामसभेत असा ठराव मांडावा. विरोध कोणी केला नाही. ‘ठराव उत्तमच आहे, पण वेळ पाहायला हवी,’ एवढेच सांगण्यात आले. वार्षिक बैठकीच्या पत्रिकेत पहिले आठ विषय नेहमीचे होते, आणि आमचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या नवव्या क्रमांकाच्या पोटात घातला गेला. आठवा विषय संपेपर्यंत दोन वाजले, मागच्या मांडवातून रश्श्याचा वास येऊ लागला, ताटांचा खणखणाट सुरू झाला आणि सभागृह निम्मे रिकामे झाले. दुसऱ्या वर्षीही तसेच घडले. तिसऱ्या वर्षी मी ठरावाची प्रत हातात धरून दीड तास व्यासपीठाच्या पायरीपाशी उभा राहिलो. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले, आणि सूत्रसंचालकाने माईकवर राष्ट्रगीताची सूचना दिली. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर कोण काय बोलणार? मीही सावधान उभा राहिलो, ठराव मांडीला चिकटवून. गीत संपताच सगळे जेवणाकडे वळले आणि अध्यक्ष मोठ्या मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘पुढच्या वेळी नक्की घेऊ. चला, आधी जेवून घ्या.’

उघड विरोध झाला असता तर मी कदाचित आणखी दहा वर्षे आत राहिलो असतो, कारण विरोधाला उत्तर देता येते. मायेने जेवायला नेणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचे, हे मला आजही सुचलेले नाही. दरवर्षी २६ जूनला दसरा चौकातल्या शाहू महाराजांच्या पुतळ्याला हीच मंडळी भल्या सकाळी हार घालतात. ज्या राजाने १९०२ मध्ये आरक्षणाचा आदेश काढला आणि १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचे पाठबळ दिले, त्याच्या गावात तीन वर्षे एक ठराव रश्श्याच्या मागे राहावा, याचा त्रास मला जरा जास्तच झाला असेल, हे मान्य करतो.

बाहेर आल्यावर आमच्याकडे ना फोनवही आहे, ना मांडव. बैठक एका शिक्षिकेच्या गच्चीवर होते आणि चहाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे असतात. पण हवा तो विषय पहिल्या क्रमांकावर घेता येतो, आणि ग्रामसभेत बोलण्यासाठी गावच्या मतदाराला कोणत्याही पक्षाची चिठ्ठी लागत नाही. वर्षभरात दोन गावांत ठराव झाला, तिसऱ्या गावात आम्हाला अक्षरशः हुसकावून लावले. मला मात्र तो हुसकावण्याचा अनुभवसुद्धा त्या जेवणापेक्षा बरा वाटला.

ज्यांचे काम पूर, रस्ता, पाणी, दाखले अशा रोजच्या अडचणींचे आहे, किंवा ज्यांचे वय आणि धीर दोन्ही शिल्लक आहेत, त्यांनी आत राहण्याचा विचार जरूर करावा. मी त्यांना परावृत्त करणार नाही. माझा एक जुना सहकारी आजही आत आहे आणि मनापासून काम करतो. परवा बिंदू चौकात भेटला तेव्हा त्याने खिशातून यंदाची कार्यक्रमपत्रिका काढून मोठ्या आशेने दाखवली. आयत्या वेळचे विषय या वर्षी आठव्या क्रमांकावर आले आहेत.