लिटल डॉट मार्क थ्री: सोलापूरच्या उन्हाळ्यात व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प

३०० ओमच्या (ओम म्हणजे विद्युत रोध) सेनहायझर एचडी ६०० हेडफोनला लिटल डॉटचा हा हेडफोन ॲम्प शोभतो. ३२ ओमच्या हेडफोनसाठी घेऊ नका. ॲम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसल्याने इतक्या कमी ओमवर बास ढिला पडतो.

खरी मजा पुढच्या दोन छोट्या ट्यूबांत. ईएफ९५ म्हणजेच ६एके५ स्वस्त आणि चांगली. ईएफ९२ लावायची तर आधी ॲम्पमधला जंपर (जोडणी बदलणारी छोटी पिन-टोपी) बदला. दोन्हींच्या पिनांची जोडणी वेगळी आहे. सात पिना दिसल्या म्हणून कोणतीही ट्यूब खुपसायची नाही!

बदलताना प्लग काढा, वीस मिनिटं थांबा. कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) साठलेला विद्युतदाब लगेच उतरत नाही. ट्यूब सरळ वर, किंचित हलवत काढा. पिरगळली तर काच तडकते. नवीन ट्यूबच्या वाकड्या पिना आधी सरळ करा. पहिल्यांदा सुरू करताना हेडफोन जोडू नका, मिनिटभर तापू द्या. खरखर आली तर बहुधा सॉकेट मळलेलं असतं: आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसा.

उष्णतेचं गणित सोपं आहे. मागच्या मोठ्या ट्यूबांचा फिलामेंट (आतली तापणारी तार) ६.३ व्होल्टवर सुमारे ०.७५ अँपिअर घेतो, म्हणजे प्रत्येकी जवळपास पाच वॅट, तेही गाणं बंद असताना. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, त्यामुळे बंद कपाट नकोच. वर फूटभर, बाजूंना चार इंच जागा सोडा, पंखा तिरका लावा. धूळ बसू नये म्हणून सोलापुरी चादर घालायची तर ॲम्प पूर्ण गार झाल्यावरच.