मुलांबरोबर कुठला बघावा: 'द यलो बलून', 'टायगर बे' की 'हंटेड'?

एक लहान मूल आणि पोलिसांपासून तोंड लपवणारा एक गुन्हेगार. एवढ्याच भांडवलावर ब्रिटिश सिनेमाने १९५०च्या दशकात तीन अस्सल थरारपट दिले: 'हंटेड' (१९५२), 'द यलो बलून' (१९५३) आणि 'टायगर बे' (१९५९). तिन्ही कृष्णधवल आणि तिन्हींत कथेचा भार मुलाच्या खांद्यावर. त्यामुळे जुन्या बालचित्रपटांच्या यादीत ते एकाच दमात सांगितले जातात आणि आईवडील त्यातला कुठलाही लावून मोकळे होतात. माझं म्हणणं असं की, निवड करताना एकच गोष्ट बघावी: गुपित हाती लागलेल्या मुलाशी तो मोठा माणूस कसा वागतो? शेजारी बसून बघणारं मूल रात्री शांत झोपेल की नाही, हे त्यावरच ठरतं.

'द यलो बलून'मधला मोठा माणूस सरळसरळ नासका आहे. लंडनमधल्या फ्रँकीला फुगा हवा असतो, पण घरून मिळालेलं नाणं हरवतं. मित्र रॉनीच्या हातातला पिवळा फुगा हिसकावून तो बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या घरात शिरतो, रॉनी पाठलाग करतो, वरून कोसळतो आणि मरतो. हा निव्वळ अपघात. पण त्याच पडक्या घरात दडलेला लेन हा भामटा फ्रँकीच्या मनात भरवतो की, पोलीस याला खूनच म्हणणार. मग मदतीच्या बोलीवर आधी घरातच चोरी करायला लावतो, आणि पुढे मोठ्या गुन्ह्यात ओढतो. फ्रँकीचे आईवडील वाईट नाहीत. केनेथ मोरने उभा केलेला बाप तर मायाळू आहे. पोरगं मात्र त्यांच्याजवळ तोंड उघडू शकत नाही. मला या चित्रपटातली सर्वांत भयंकर गोष्ट ही वाटते, शेवटी भुयारी रेल्वेच्या ओसाड स्टेशनातला पाठलाग त्यानंतर येतो. तो पाठलागही श्वास रोखायला लावणारा आहे, पण मुलाच्या मनात घर करून राहील ती घरातल्या जेवणाच्या टेबलावरची फ्रँकीची गप्प नजर.

प्रदर्शनाच्या वेळी ब्रिटनच्या सेन्सॉरने याला 'एक्स' प्रमाणपत्र दिलं. म्हणजे सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश बंद, आणि फ्रँकीचं काम करणारा अँड्र्यू रे स्वतः तेव्हा जेमतेम तेरा-चौदाचा. आजच्या मुलांनी पडद्यावर याहून कितीतरी जास्त रक्त बघितलेलं असतं, तरी मला तो निर्णय पूर्णपणे जुनाट वाटत नाही. इथे रक्त फारसं नाही. मुलाच्या अपराधी भावनेवर एक मोठा माणूस कसा कब्जा मिळवतो, ते आहे. तुम्ही स्वतःसाठी निवडत असाल तर बेलाशक हाच घ्या. मूल तेरा-चौदाच्या पुढचं असेल आणि नंतर अर्धा तास बोलायला तुमच्याकडे वेळ असेल, तर त्यालाही दाखवा.

'टायगर बे'चाही दिग्दर्शक 'द यलो बलून'चाच, जे. ली थॉम्सन, आपल्याकडे 'द गन्स ऑफ नॅव्हरोन'मुळे माहीत असलेला. पण सहा वर्षांत त्याचा हात केवढा मोकळा झाला आहे! कार्डिफच्या गोदीतली वस्ती, देशोदेशींचे खलाशी, जिन्यांवर आणि गल्लीत हुंदडणारी पोरं, हे सगळं त्याने प्रत्यक्ष जागेवर टिपलं आहे. मावशीकडे राहणारी गिली दाराच्या टपालफटीतून एक खून बघते आणि पिस्तूल पळवते. तिला ते खेळात भाव खायला हवं असतं. खुनी कोर्चिन्स्की हा पोलिश खलाशी. प्रेमात दुखावला जाऊन भान सुटलेला. तो तिला गाठतो, आणि भीतीची हळूहळू मैत्री होते. पुढे गिली पोलिसांशी बिनदिक्कत खोटं बोलते. तपास अधिकारी झाले आहेत जॉन मिल्स आणि गिली झाली आहे त्यांची खरी मुलगी हेली. उलटतपासणीत बारा वर्षांची हेली बापाला ज्या सफाईने चकवते, तेवढ्या एका प्रसंगासाठीही हा चित्रपट बघावा. मुळात ही भूमिका मुलग्यासाठी होती. थॉम्सनने हेलीला बघून ती बदलली. शेवटाचा ताण समुद्रातल्या तीन मैलांच्या हद्दीवर उभा आहे: जहाज त्यापलीकडे गेलं की पोलिसांचा अधिकार संपतो. पुढचं सांगत नाही.

खून थेट दिसतो, हे आधी सांगून ठेवा. तरीही दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी माझी पसंती निःसंशय 'टायगर बे'ला. गिली घाबरते, पण असहाय होत नाही. डाव अनेकदा तिच्याच हातात असतो. शिवाय खोटं कुणासाठी बोलावं, बोलावं का, असे प्रश्न मुलं आपणहून विचारतात. लांबी सुमारे पावणेदोन तास, म्हणजे बाकी दोघांपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं जास्त. मधे थोडा सैलावतोही.

'हंटेड' या दोघांच्या मधला, आणि सर्वांत हळवा. हातून आग लागली म्हणून दत्तक घरातून पळालेला छोटा रॉबी पडक्या तळघरात नुकताच खून केलेल्या माणसाला (भूमिका डर्क बोगार्डची) धडकतो. सुरुवातीला तो पोराला फरफटत नेतो. स्कॉटलंडच्या दिशेने पळता पळता त्याच्यातला बाप जागा होतो. जॉन व्हाइटली या चिमुरड्याचा अभिनय अभिनय वाटतच नाही. मात्र थरार कमी, चालणं जास्त. ज्या मुलाला घरात मार बसल्याचा किंवा घर सुटल्याचा अनुभव आहे, त्याला दाखवण्यापूर्वी तुम्ही एकट्याने बघून घ्या.

आणि मूल आठ-नऊचंच असेल, तर तिन्ही बाजूला ठेवा. 'हंटेड'च्याच दिग्दर्शकाचा, चार्ल्स क्रायटनचा, 'ह्यू अँड क्राय' (१९४७) लावा. लंडनचे तेच खरेखुरे भग्नावशेष, पण इथे पोरं मुलांच्या साप्ताहिकातून चालणारी चोरांची सांकेतिक भाषा ओळखतात आणि शेवटी शहरभरातली पोरं झुंडीने चोरांवर तुटून पडतात. सबटायटल्स मिळाली तर चारही चित्रपटांना सुरू ठेवा. लंडनच्या गल्लीतली आणि कार्डिफची इंग्रजी आपल्या कानांना पहिली दहा मिनिटं तरी जड जाते.